येलला हरवायला आणलेला माणूस: हार्वर्डचा १९०५ चा फुटबॉल हंगाम

हे प्रकरण अमेरिकन फुटबॉलचं आहे. आपल्याकडे कोल्हापुरात किंवा गोव्यात जो फुटबॉल खेळतात, तो हा नव्हे. इथे चेंडू लंबगोल, तो काखेत धरून पळायचं आणि समोरच्याने पळणाऱ्याला आडवं पाडायचं. प्रशिक्षक, अध्यक्ष, पंच वगैरे माणसं सार्वजनिक जीवनातली, म्हणून त्यांची नावं दिली आहेत. खेळणारी मुलं मात्र विद्यार्थी होती. त्यांचा उल्लेख नावाशिवाय केला आहे.

## पार्श्वभूमी

अमेरिकेतल्या केंब्रिज गावातलं हार्वर्ड आणि न्यू हेवनमधलं येल या दोन विद्यापीठांचा फुटबॉल सामना दरवर्षी नोव्हेंबरच्या शेवटी व्हायचा. वर्षभरात बाकी कुणाला हरवलं याचं माजी विद्यार्थ्यांना फारसं सोयरसुतक नसे. येलला हरवलं की हंगाम चांगला, नाहीतर वाया. १९०२ मध्ये येलने हार्वर्डला २३–० असं हरवलं, १९०३ मध्ये १६–० आणि १९०४ मध्ये १२–०. तीन वर्षांत हार्वर्डच्या खात्यावर एक गुणही नाही.

त्याच्या आधीच्या वर्षी, १९०१ मध्ये, हार्वर्डने येलचा २२–० असा धुव्वा उडवला होता. तेव्हा प्रशिक्षक होता बिल रीड, नुकताच पदवीधर झालेला तरुण. नंतर तो कॅलिफोर्नियात वडिलांच्या शाळेत शिकवायला निघून गेला. १९०५ मध्ये हार्वर्डच्या लोकांनी त्याला परत बोलावलं. वर्षाला ७,००० डॉलर द्यायचे ठरले. त्यातले निम्मे क्रीडा मंडळाने आणि निम्मे माजी विद्यार्थ्यांनी घालायचे. विद्यापीठातल्या कोणत्याही प्राध्यापकाला एवढा पगार नव्हता. कुलगुरूसमान अध्यक्ष चार्ल्स एलियट ३६ वर्षं त्या खुर्चीवर होते, आणि त्यांच्या पगाराच्या जवळपास जाईल अशी ही रक्कम होती. रीडचं वय तेव्हा सव्वीस.

रीड कामाला लागला तो पछाडल्यासारखा. रोजनिशी लिहायचा, आणि ती शेकडो पानांची झाली. कुणाचा गुडघा सुजलाय, कोण कुठल्या विषयात मागे पडलाय, कोणाचे बूट चावतात, सगळं त्यात. झोप लागत नसल्याच्या नोंदीही त्यातच आहेत.

अडचण कळायची तर तेव्हाचे नियम थोडे समजून घ्यावे लागतील. तीन प्रयत्नांत पाच यार्ड पुढे जायचं, नाहीतर चेंडू दुसऱ्यांकडे. चेंडू पुढच्या दिशेने फेकायला बंदी. पाच यार्ड म्हणजे साधारण साडेचार मीटर. एवढंसं अंतर कापायला डोकं लढवण्यापेक्षा गर्दी करणं सोपं. म्हणून अकरा जणांनी एकमेकांना रेटत, ओढत समोरच्या भिंतीत एकाच जागी घुसायचं. कबड्डीतली साखळी डोळ्यांपुढे आणा. फक्त ही साखळी पळत येते, तिच्यातल्या प्रत्येकाचं वजन ऐंशी-नव्वद किलो असतं आणि ढिगाखाली कोण कुणाचा गळा दाबतोय ते पंचाला दिसत नाही. अशा आक्रमणाचा सर्वांत कुप्रसिद्ध प्रकार, पाचरीच्या आकारात धावत येण्याचा, १८९२ मध्ये हार्वर्डनेच येलविरुद्ध काढला होता. तो सुचवणारा गृहस्थ बुद्धिबळाचा जाणकार होता. दोनच वर्षांत त्या पाचरीवर बंदी आली, पण रेटारेटी राहिलीच.

## अडचण

एलियट यांना फुटबॉल मुळीच आवडत नसे. त्यांचं म्हणणं थोडं वेगळं होतं, आणि माझ्या मते त्या काळातलं सर्वांत नेमकं. मृत्यू आणि दुखापती हा खेळाविरुद्धचा सर्वांत मोठा मुद्दा नाही, असं ते म्हणत. या खेळात लबाडी आणि क्रूरपणा केला की फायदा होतो, हे खरं दुखणं.

दुसऱ्या बाजूला राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट. ते हार्वर्डचे माजी विद्यार्थी, आणि त्यांचा मुलगा त्याच वर्षी हार्वर्डच्या पहिल्या वर्षाच्या संघात खेळत होता. त्यांना खेळ हवा होता, पण स्वच्छ. ९ ऑक्टोबर १९०५ ला त्यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टन यांच्या प्रत्येकी दोन प्रतिनिधींना व्हाइट हाउसवर जेवायला बोलावलं. हार्वर्डकडून रीड आणि संघाचे डॉक्टर एडवर्ड निकल्स गेले. येलकडून वॉल्टर कॅम्प गेले. ज्यांच्या शब्दावर देशभरातले नियम ठरायचे ते हेच. परतताना रेल्वेत बसून सहा जणांनी निवेदन तयार केलं: नियमांचं अक्षर आणि आशय दोन्ही पाळू.

त्यानंतर ४७ दिवसांनी येलचा सामना होता.

हंगाम सुरुवातीला छान चालला. पहिले आठही सामने हार्वर्डने जिंकले. त्यात वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीवरचा ६–० आणि कार्लाइलच्या आदिवासी मुलांच्या शाळेवरचा २३–११ असा विजय होता. मग फिलाडेल्फियात पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाविरुद्ध गाडी घसरली. मैदान मुद्दाम ओलं करून ठेवल्याची हार्वर्डची तक्रार होती. हार्वर्ड १२–६ असं हरलं. त्याच सामन्यात हार्वर्डच्या मधल्या खेळाडूने प्रतिस्पर्ध्याला ठोसा मारला आणि पंचाने त्याला बाहेर काढलं. समोरचा आधीपासून त्याला मारत होता, असं हार्वर्डचं म्हणणं. व्हाइट हाउसवर शब्द देऊन आलेल्या तीन संघांपैकीच एकाचा खेळाडू मारामारीसाठी हाकलला गेला होता. रूझवेल्टनी रीडला खुलाशासाठी बोलावून घेतलं.

पुढच्या आठवड्यात डार्टमथशी ६–६ अशी बरोबरी. येलच्या सामन्याआधी कर्णधार डोक्याला मार लागून रुग्णालयात होता.

तर रीडपुढे एकाच वेळी दोन कामं होती. येलला हरवायचं, ज्यासाठी त्याला पैसे मिळत होते. आणि विद्यापीठाचं नियामक मंडळ खेळच बंद करण्याच्या बेतात होतं, ते टाळायचं. दुसरं काम त्याच्या करारात नव्हतं.

## समोरचे पर्याय

नोव्हेंबरच्या सुरुवातीला हार्वर्डच्या फुटबॉलवाल्यांना कुणकुण लागली की नियामक मंडळ बंदी आणणार. तेव्हा त्यांच्यापुढे काय काय होतं?

गप्प बसणं हा एक मार्ग. हंगाम संपू द्यायचा, ओरड आपोआप थंडावेल. आधीही थंडावली होतीच. नियम ठरवणारी समिती जुनी, स्वतःचे सभासद स्वतः निवडणारी आणि कॅम्प यांच्या शब्दाबाहेर न जाणारी. कॅम्प फार तर पाच यार्डांचे दहा करायला तयार होते. रीड स्वतः त्या समितीवर होता. तिथे बसून हळूहळू बदल घडवण्याचा रस्ता खुला होता.

दुसरा, खेळ काही काळ थांबवणं. कोलंबिया विद्यापीठाने त्याच हंगामाअखेर तसं केलं. तिसरा, रग्बी खेळणं. पश्चिम किनाऱ्यावर स्टॅनफर्ड आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाने १९०६ पासून तेच केलं. ७,००० डॉलर घेणाऱ्या प्रशिक्षकाला हे दोन्ही सुचणं अवघडच, आणि त्याने ते मनावर घेतल्याचं दिसत नाही.

उरलेला मार्ग म्हणजे बंदीचा ठराव येण्याआधी आपणच उठून सांगायचं की खेळ बिघडला आहे आणि तो मुळापासून बदलला पाहिजे. रीडच्या सहीचं तसं पत्र नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात वर्तमानपत्रांत छापून आलं. मजकुरात इतरांचा हात होता, सही रीडची.

हे पत्र प्रामाणिक होतं की डावपेच? मला वाटतं, दोन्ही. बंदीच्या पुढे एक पाऊल टाकून तिची धार बोथट करायची, हा त्यातला हिशेब उघड आहे. पण एकदा जाहीरपणे लिहून बसल्यावर मागे फिरायची सोय उरली नाही. हंगाम चालू असताना, येलचा सामना दोन-अडीच आठवड्यांवर असताना, आपण खेळतोय तो खेळच चुकीचा आहे असं प्रशिक्षकाने म्हणणं ही साधी गोष्ट नव्हती. संघातल्या मुलांना ते वाचून काय वाटलं असेल, हा विचार डोक्यातून जात नाही.

## मैदानावरचा निर्णय

२५ नोव्हेंबर १९०५. हार्वर्डचं काँक्रीटचं स्टेडियम, दोनच वर्षांपूर्वी बांधलेलं, आणि ४३,००० प्रेक्षक. येलचा संघ त्या वर्षी एकदाही हरला नव्हता. अख्ख्या हंगामात त्यांच्याविरुद्ध फक्त चार गुण झाले होते.

खेळात एकदा येलने चेंडू उंच मारला. खाली हार्वर्डचा एक खेळाडू उभा होता. त्याने ‘फेअर कॅच’चा इशारा केला. याचा अर्थ, मी चेंडू शांतपणे झेलतो, पळणार नाही, मला हात लावू नका. तरीही येलचे दोघे त्याच्यावर येऊन आदळले. एकाचा हात सरळ त्याच्या तोंडावर बसला. नाक फुटलं, रक्त वाहू लागलं. पंच पॉल डॅशिएल यांनी काहीच दिलं नाही.

प्रेक्षकांत हेन्री ली हिगिन्सन बसले होते. बॉस्टनचे धनाढ्य बँकर, बॉस्टन सिम्फनी या वाद्यवृंदाचे संस्थापक. ज्या मैदानावर हे स्टेडियम उभं होतं ती जमीन त्यांनीच हार्वर्डला दिलेली. त्यांनी रीडला सांगितलं, संघ मैदानाबाहेर काढ.

रीडने नाही म्हटलं.

हंगामातला सर्वांत अवघड क्षण हाच. संघ बाहेर काढला असता तर? सामना येलला बहाल झाला असता, आणि हार्वर्ड हरताना रडलं असं पुढची पन्नास वर्षं ऐकावं लागलं असतं. शिवाय ४३,००० माणसांच्या गर्दीत काय झालं असतं ते सांगता येत नाही. पण जमेची बाजूही होती. तिथे पंचाने जे केलं नाही ते एका विद्यापीठाने सगळ्यांसमोर केलं असतं. व्हाइट हाउसवरच्या शब्दाला काही किंमत आहे, हे तेव्हाच दाखवता आलं असतं. पत्रात लिहिलेलं मैदानावर करून दाखवायची तशी संधी पुन्हा मिळाली नाही.

त्याचा नकार मी चूक म्हणणार नाही. त्याच्या हातात काही सेकंद होते, आणि असं झालं तर काय करायचं हे आधी कुणी ठरवलंच नव्हतं. खरी उणीव तिथे आहे. निवेदनावर सह्या करताना सहा जणांनी हे विचारायला हवं होतं की समोरच्याने शब्द मोडला आणि पंच गप्प राहिला, तर आपण काय करायचं.

येल ६–० असं जिंकलं.

पंच डॅशिएल हे नौदल अकादमीत रसायनशास्त्र शिकवायचे. रूझवेल्टनी त्यांची नेमणूक काही महिने अडवून धरली, आणि डॅशिएल यांना राष्ट्राध्यक्षांकडे दिलगिरीचं पत्र पाठवावं लागलं. एका फेअर कॅचपायी राष्ट्राध्यक्षांनी प्राध्यापकाची नोकरी रोखली, हे आज गमतीशीर वाटतं. पण जे अधिकार मैदानावर वापरले जात नाहीत ते मग भलत्याच टेबलावर वापरले जातात.

त्याच दिवशी न्यू यॉर्कमध्ये, न्यू यॉर्क विद्यापीठाविरुद्ध खेळताना, युनियन कॉलेजचा एक विद्यार्थी डोक्याला मार लागून गेला.

## पुढे काय केलं गेलं

त्या मृत्यूने न्यू यॉर्क विद्यापीठाचे प्रमुख हेन्री मॅक्रॅकन हलले. त्यांनी आधी एलियट यांना सर्व विद्यापीठांची बैठक बोलवायची विनंती केली. एलियट यांनी नकार दिला. मग मॅक्रॅकननी स्वतः बोलावली. डिसेंबरच्या सुरुवातीला १३ कॉलेजं आली, २८ डिसेंबरला साठाहून अधिक. त्यातून एक नवी नियम समिती आणि एक नवी संघटना जन्मली. अमेरिकेतल्या कॉलेजांचे खेळ चालवणारी ही संघटना १९१० पासून एनसीएए या नावाने ओळखली जाते. हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टन या बैठकीत नव्हते.

आता देशात दोन समित्या झाल्या. एक कॅम्प यांची जुनी, एक नवी. हार्वर्ड कुणाकडे जाणार यावर सगळं अडलं होतं. १२ जानेवारी १९०६ ला दोन्ही समित्या न्यू यॉर्कला जमल्या. रीड जुन्या समितीतून उठला आणि नव्या समितीत जाऊन बसला. जुनी समिती एकटी पडली. दोन्ही एकत्र आल्या आणि सचिवपद रीडकडे आलं. वर्षानुवर्षं कॅम्प यांच्याकडे असलेली ती खुर्ची.

रीडच्या हातातला हुकमाचा पत्ता म्हणजे हार्वर्डचं नियामक मंडळ. नियम पुरेसे बदलले नाहीत तर हार्वर्डमध्ये फुटबॉल नाही, आणि हार्वर्ड गेलं तर बाकीचेही जातील, हे त्याने समितीला स्पष्ट सांगितलं. म्हणजे ज्या बंदीला तो घाबरत होता तीच त्याने हत्यार म्हणून वापरली. सबंध प्रकरणात मला सर्वांत हुशारीची वाटलेली चाल हीच. बंदीची भीती खरी होती, म्हणूनच ती चालली. एलियट यांचा विरोध नसता तर रीडला सौदा करायला काहीच नव्हतं.

खेळ मोकळा कसा करायचा यावर वाद झाले. मैदान रुंद करा, अशी एक सूचना होती. पण हार्वर्डचं स्टेडियम काँक्रीटचं, घोड्याच्या नालेच्या आकाराचं. तिथे मैदान रुंद करायचं तर नव्या बांधकामालाच हात घालावा लागला असता. मग दुसरा उपाय पुढे आला: चेंडू पुढे फेकायला परवानगी द्या. म्हणजे आज ज्या ‘फॉरवर्ड पास’वर हा खेळ उभा आहे, त्याच्या जन्मात हार्वर्डच्या काँक्रीटचाही वाटा आहे.

नवे नियम असे झाले. पाचऐवजी दहा यार्ड, प्रयत्न तीनच. समोरासमोर उभ्या राहणाऱ्या दोन संघांच्या रांगांमध्ये चेंडूच्या लांबीएवढी मोकळी जागा. पास चालेल, पण पहिल्या किंवा दुसऱ्या प्रयत्नात तो कुणाच्या हाती लागला नाही तर १५ यार्डांचा दंड. पंच वाढले. खेळ ७० मिनिटांवरून ६० वर आला. हार्वर्डच्या नियामक मंडळाने खेळ चालू ठेवायला परवानगी दिली.

## डॉक्टरांची वही

या प्रकरणात एक कागद असा आहे जो सगळ्यांनी वाचला आणि बाजूला ठेवला. जानेवारी १९०६ मध्ये, नियमांची वाटाघाट ऐन रंगात असताना, डॉ. निकल्स आणि त्यांचे सहकारी डॉ. होमर स्मिथ यांनी बॉस्टनच्या वैद्यकीय नियतकालिकात हार्वर्डच्या १९०५ च्या हंगामातल्या दुखापतींचा लेख छापला. हेच निकल्स ऑक्टोबरात व्हाइट हाउसवर रीडच्या बरोबर होते. एका संघाच्या एका हंगामात १४५ दुखापती. सबंध हंगामात फक्त दोन सामने असे, ज्यांत कुणाच्याही मेंदूला धक्का बसला नाही. आणि डॉक्टरांनी लिहिलं की खेळाडू ही गोष्ट किरकोळ समजतात.

हाड मोडलेलं दिसतं, नाक फुटलेलं दिसतं. त्यावर नियम आले. डोक्याला मार लागलेला मुलगा मात्र दोन मिनिटांनी उठून पुन्हा रांगेत उभा राहायचा, आणि त्याला पुढचा डाव कुठला ते आठवायचं नाही. यावर १९०६ च्या नियमांत काहीही नाही.

## वेगळं काय करता आलं असतं

मैदान सोडण्याबद्दल वर लिहिलंच आहे. त्याशिवाय दोन गोष्टी.

पगाराची व्यवस्था बदलायला हवी होती. रीडला निम्मे पैसे देणारे माजी विद्यार्थी येलवरच्या विजयाचे पैसे देत होते. अशा माणसाने खेळ सुरक्षित करण्यासाठी धडपड केली, हे त्याचं मोठेपण. पण संस्थेने मोठेपणाच्या भरवशावर राहू नये. सगळे पैसे विद्यापीठाने दिले असते, आणि निकालांबरोबर दुखापतींचाही हिशेब मागितला असता, तर रीडची झोप जरा कमी उडाली असती.

आणि निकल्स यांना नियम समितीत बसवायला हवं होतं. खोलीत प्रशिक्षक होते, माजी खेळाडू होते. १४५ दुखापती ज्याने बघितल्या तो केंब्रिजमध्ये लेख लिहीत बसला होता. डोक्याला मार लागलेल्याने त्या दिवशी परत खेळायचं नाही, असा एक नियम लिहायला फार शाई लागली नसती. मृत्यू काही थांबले नाहीत. १९०९ चा हंगाम पुन्हा इतका वाईट गेला की नियम परत एकदा उलथेपालथे करावे लागले.

## १९०६

नव्या नियमांनी पहिलाच हंगाम. रीडच्या संघाने येलच्या आधीचे सगळे सामने जिंकले. २४ नोव्हेंबरला न्यू हेवनला येलशी गाठ. पहिल्या वर्षी बहुतेक संघ पास टाकायला बिचकत होते, कारण चुकला तर दंड भारी. येल बिचकलं नाही. त्यांच्या एका खेळाडूने सुमारे ३० यार्ड लांब पास टाकला, दुसऱ्याने तो झेलला आणि चेंडू हार्वर्डच्या गोलरेषेजवळ आला. तिथून त्यांनी टचडाउन केलं, म्हणजे चेंडू गोलरेषेपलीकडे नेला.

निकाल पुन्हा ६–०, येलचा विजय. त्या हंगामानंतर रीडने प्रशिक्षकपद सोडलं.